सीक्वेल आला की डोळा

२ सप्टेंबर २००६, शनिवार

आज मंडळाच्या गणपतीत मास्टरस्ट्रोक मारला. खूश आहे.

झालं असं. आरतीनंतर खडीसाखर म्हणून तोंडात टाकली ती कापराची वडी निघाली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही वाटीत, शेजारी शेजारी. अशी चूक कोणाचीही होईल. पण अलकाने तिथेच, लीड्सच्या अख्ख्या मराठी मंडळासमोर, जाहीर केलं की याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा तर पार पिकलाय, आणि हा बाबा ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. बायको डॉक्टर असली की झाकली मूठ राहत नाही. लहान मुलांची डॉक्टर आहे. मलाही त्यातच धरते.

मंडळातला मुरलीधर लगेच म्हणाला, काय शशीराव, टरकली वाटतं!

माझी? मी कौन्सिलच्या पार्किंग खात्यात जन्म काढला. गोऱ्यांच्या गाड्यांवर दंडाच्या पावत्या चिकटवल्या. सरळ गणपतीपुढे हात जोडले आणि मोठ्याने नवस बोललो: बाप्पा, 'सासरा सापडला'चा सीक्वेल आला की लगेच डोळा करून घेईन! टाळ्या पडल्या.

मेख कोणाच्या लक्षात आली नाही. सीक्वेल १९८९ पासून 'लवकरच' येतोय.

१० सप्टेंबर

नोंदीसाठी: मी ऑपरेशनला घाबरत नाही. फक्त डोळ्याचं ऑपरेशन माणूस जागा असताना करतात. डोळा उघडा ठेवून. सुरी येताना दिसते का, हे अलकाला सहज विचारलं. म्हणाली, तुला सध्या तसंही काय दिसतंय?

हा विनोद नव्हता. अलकाला विनोद कळतच नाही. लग्नाच्या वर्षी मी तिला 'सासरा सापडला' दाखवायला नेलं होतं. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर सासरा हरवतो, जावई त्याच्याऐवजी भलत्याच म्हाताऱ्याला घरी आणतो, तो खऱ्यापेक्षा गुणी निघतो, मग खरा परत येतो. जावयाच्या कामात बबन मिराशी. दोन खोल्यांत दोन सासऱ्यांना एकाच वेळी श्रीखंड वाढतो, तोंडातून शब्द नाही, सगळं चेहऱ्यावर. थिएटर लोळत होतं. ही शेवटी म्हणाली, पण पोलिसात का नाही गेले?

त्या दिवसापासून मी आशा सोडली.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. यंदा लीड्समध्ये रोषणाई जोरदार. प्रत्येक दिव्याभोवती मोठ्ठं रंगीत कडं केलंय. कौन्सिलचं कौतुक वाटलं. अलकाला दाखवलं. तिने नुसता माझा हात घट्ट धरला.

२७ ऑक्टोबर, सकाळी

अनर्थ.

आमच्या याहू ग्रुपवर (जगभरचे 'सासरा' फॅन, मॉडरेटर मी) बातमी आली. 'सासरा पुन्हा हरवला'चं शूटिंग सुरू. मिराशीच जावई. फोटोपण आलाय म्हणे. मला नुसता राखाडी ठिपका दिसला, त्यामुळे खोटा असावा.

ग्रुपवर आनंदीआनंद. मीही लिहिलं, मोरया!

२७ ऑक्टोबर, दुपारी

विचार केला. घाबरायचं कारण नाही. शूटिंग सुरू होणं वेगळं, संपणं वेगळं. मराठी निर्माते आहेत.

४ नोव्हेंबर

ग्रुपवर मोहीम उघडली: 'ओरिजिनलला हात लावू नका.' एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जावई करणं म्हणजे सासरा शंभरीचा हवा, हे साधं गणित आहे. अर्धे लोक माझ्या बाजूने. त्यांना खरंच काळजी वाटते, आपली लहानपणीची मजा नासेल म्हणून. मलाही वाटते. एवढी चांगली वस्तू आहे, कशाला परत उघडायची? झाकलेलं बरं असतं.

मुरलीधरने लिहिलं, तुम्ही सिनेमाबद्दल बोलताय की डोळ्याबद्दल?

त्याला ग्रुपमधून दोन दिवस काढून टाकलं.

१५ नोव्हेंबर

हॉस्पिटलचं पत्र. तारीखसुद्धा दिली! फोन करून सांगितलं की मी इंडियाला चाललोय. अलकाला सांगितलं की हॉस्पिटलनेच पुढे ढकललं.

१६ नोव्हेंबर

एक बारकावा नजरेतून सुटला होता. अलका त्याच हॉस्पिटलात काम करते.

संध्याकाळी येऊन म्हणाली, इंडियात हवा कशी आहे? जेवायला पिठलं-भात.

१४ जानेवारी २००७

शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या व्हीली बिनला गाडी लागली. बिन त्यांनी पुढे सरकवली होती, हे उघड आहे. तिळगूळ घेऊन सॉरी म्हणायला गेलो. त्या बाई म्हणाल्या की बिन गेली दहा वर्षं तिथेच असते.

अलकाने गाडीची किल्ली काढून घेतली. पार्किंगवाल्याची किल्ली! मी म्हटलं, हा अपमान आहे. ती म्हणाली, हो, आणि ही बस पासची माहिती.

१९ फेब्रुवारी

बबन मिराशी सेटवर पाय घसरून पडला. शूटिंग बंद. गुडघ्याचं ऑपरेशन.

वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. चहा केला, साखरेऐवजी मीठ पडलं. डबे सारखेच आहेत, हे मी अलकाला कधीचा सांगतोय.

२ एप्रिल

मिराशी उठला. कुबडी घेऊन सेटवर हजर. पेपरात म्हणाला म्हणे की ऑपरेशन काय, आपण झोपायचं, काम दुसऱ्यांनी करायचं.

शोभतं का हे? मोठ्या माणसाने जपून बोलावं. लोक अनुकरण करतात.

२१ एप्रिल

ट्रेलर आला. कस्तुरीने एडिनबराहून लिंक पाठवली. मुलगी इथेच जन्मली, मराठी बोलते पण सगळ्या वस्तू कुठल्याही लिंगात घालते. फोनवर म्हणाली, बाबा, मिराशीचा मिशी किती फनी आहे ना?

मी ट्रेलर पाच वेळा पाहिला. मिशी कुठली? पडद्यावर धुकं, धुक्यात दोन धुकी बोलतात. ग्रुपवर सविस्तर लिहिलं: 'कॅमेरामनने सॉफ्ट फोकसचा धाडसी प्रयोग केला आहे, पण विनोदी चित्रपटाला हा कितपत मानवेल?'

कोणीतरी उत्तर दिलं, काका, मॉनिटर पुसा. पुसला. काही फरक नाही. मॉनिटर बदलायला हवा.

१२ मे, रात्री

हे कोणाला सांगायचं नाही. इथे लिहितो, कारण कुठेतरी टाकल्याशिवाय झोप येणार नाही.

स्टेशनवर गेलो होतो, कस्तुरीला आणायला. गाडी लागलेली दिसली. काळं, उंच, दार उघडं. म्हटलं, आत डोकावून बघू. पाय उचलला. मागून कोणीतरी कॉलर धरून असं खेचलं की मी फलाटावर बसलोच. आणि मग त्या दारातून गाडी आली. गाडी नव्हतीच आधी. नुसता समोरचा अंधार होता.

खेचणारी बाई, साठीची असेल, इथल्या बायकांच्या सवयीने लव्ह, लव्ह, आर यू ऑलराइट, असं म्हणत होती. मला थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही.

कस्तुरीला म्हटलं, कॉलर दारात अडकली.

भीती वाटते. लिहूनच टाकतो. न दिसण्याची वाटते, आणि डोळ्यात कोणी हात घालेल त्याची त्याहून जास्त वाटते. दोन्हीकडून वाटते. आईचा डोळा मिरजेला केला होता, मी दहा वर्षांचा होतो. पट्टी सोडली आणि ती माझ्या आवाजाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. पुढे शेवटपर्यंत तसंच. आता मशिनं वेगळी आहेत, अलकाने शंभरदा सांगितलंय. डोक्याला कळतं. पोटाला कळत नाही.

१३ मे

अलकाने शर्टाचं तुटलेलं बटण लावलं. कसं तुटलं, विचारलं नाही. कस्तुरीशी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू बोलत होती.

२ जून

रात्रभर विचार करून मार्ग सापडला. नवस कशाचा होता? सीक्वेलचा. पण कसल्या सीक्वेलचा? अर्थातच चांगल्या! भिकार सिनेमासाठी कोणी नवस बोलतं का? मूल व्हावं म्हणून नवस बोलल्यावर देवाने मांजर दिलं तर फेडायचा का?

मंडळाच्या पिकनिकला हे सगळ्यांसमोर मांडलं. मुरलीधर म्हणाला, हा चीटिंगचा कळस आहे. अलकाने मात्र शांतपणे विचारलं की चांगला म्हणजे नक्की कसा? मी म्हटलं, मला हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. एकदा नव्हे, तीनदा. बरं, म्हणाली, आणि काकडी चिरायला घेतली.

सुटलो. मिराशीला या वयात मला तीनदा रडवणं शक्य नाही.

१६ जून

नवल. अलकाने आपणहून 'सासरा सापडला'ची डीव्हीडी लावायला सांगितली. शेजारी बसली. श्रीखंडाचा सीन तीनदा थांबवून विचारलं, इथे लोक का हसतात? मी समजावलं: मिराशी काही बोलत नाही, आणि त्याला आधी कळत नाही, आपल्याला आधी कळतं. मान हलवली. एकदाही हसली नाही. परीक्षेला बसल्यासारखी बघत होती.

अलकाला विनोद कळत नाही. पण प्रयत्न करते बिचारी.

१४ जुलै

मुंबईत रिलीज झाला. ग्रुप चिडीचूप.

१६ जुलै

पुण्याच्या एका सभासदाने लिहिलं: 'ठीक आहे.' ठाण्याच्या दुसऱ्याने लिहिलं: 'मिराशींच्या तब्येतीला जपायला हवं.' तिसऱ्याने नुसतं एक रडकं तोंड पाठवलं.

भिकार आहे! बाप्पा, तू आहेस.

म्हणजे, फॅन म्हणून फार दुःख झालं. रात्री शिरा करायला लावला.

२५ ऑगस्ट, शनिवार, रात्री

लिहिताना अजून हसू येतंय. ओळीवर ओळ चढत असेल, चढू दे.

मुरलीधरने निर्मात्याची परवानगी काढून शाळेच्या हॉलमध्ये शो ठेवला. मी मुद्दाम लवकर गेलो, पहिल्या रांगेत बसायला, म्हणजे भिकारपणा नीट टिपता येईल. अलकाने मला ओढून मागून दुसऱ्या रांगेत नेलं. पुढे मान दुखते म्हणे. स्पीकर लांब, त्या हॉलमध्ये आवाज घुमतो, शब्द धड लागेना. आणि कॅमेरामनने सॉफ्ट फोकस शेवटपर्यंत सोडला नाही. मी खूश. इतक्यात अलका कानाशी वाकून सांगायला लागली. तुला दिसत नसेल तर सांगते, म्हणाली. मी म्हटलं, दिसतंय, पण सांग.

अहाहा! मिराशी तो मिराशीच! छत्री उघडतो, छत्रीतून कोंबडी पडते. कोंबडी सासऱ्याकडे बघते, सासरा कोंबडीकडे. दोघांच्या माना एकाच वेळी तिरक्या होतात. मग कोंबडी लाजते! मी फुटलो. चष्मा काढून डोळे पुसले. एक.

मग सासरा हरवला तो मेलाच असं समजून तेरावं घालतात. कावळा वाढलेल्या पानाला शिवेना, म्हणून मिराशी काळा कोट घालून कठड्यावर चढतो. आणि खाली पंगतीत कोण बसलंय? सासरा! स्वतःच्याच तेराव्याला! वर वाढप्याला म्हणतो की मठ्ठा पातळ झालाय! मला श्वास घेता येईना. दोन.

शेवटी हार घातलेल्या फोटोपुढे मिराशी उदबत्ती ओवाळतो आणि फोटोला शिंक येते. तीन. पाच. मोजायचं सोडून दिलं. हसून पोट दुखायला लागलं. अलका एका सुरात सांगत होती, बातम्या वाचल्यासारखी. हिला स्वतःला हसू कसं येत नाही, याचं मला मध्येच आश्चर्य वाटलं.

एक निरीक्षण: फक्त आमच्या आजूबाजूच्या दोन रांगा हसत होत्या. पुढचे सगळे ढिम्म. मंडळाचा दर्जा घसरलाय. मुरलीधर तर प्रोजेक्टर सोडून आमच्या मागे येऊन बसला आणि खुर्ची धरून हसत होता. म्हणाला, वहिनी, कमाल! मी म्हटलं, वहिनी काय, मिराशी कमाल!

घरी येताना आनंदात होतो. मग बसमध्ये आठवलं. चांगला निघाला.

२६ ऑगस्ट

नवस.

२७ ऑगस्ट

अलकाला म्हटलं, दात दुखतोय, आधी दाताचं बघू. म्हणाली, १२ सप्टेंबर, सकाळी आठ, रजा टाकली आहे. बाप्पाच्या आधी फेडलेला बरा.

११ सप्टेंबर

पळून जाण्याचा विचार केला. एडिनबराला. स्टेशनवर जावं लागेल. नको.

१२ सप्टेंबर, पहाटे

अलकाने आपणहून विचारलं, मिरज आठवतंय का? मी तिला मिरजेचं कधी सांगितलं होतं? सांगितलं असेन, लग्नाच्या वर्षी. तिने लक्षात ठेवलं.

मी म्हटलं, मला भीती वाटते. म्हणाली, माहीत आहे रे, चल.

१३ सप्टेंबर

झालं. काही दुखलं नाही. आत एक नर्स हात धरून होती, मी तिचा हात मोडायच्या बेतात होतो. बाहेर अलकाला एवढंच म्हणालो की काही विशेष नसतं, लोक उगाच बाऊ करतात.

आज सकाळी डोळ्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. पहिल्यांदा अलका दिसली. केस सगळे पांढरे. सगळे! मला वाटायचं, कानाशी थोडे आहेत. ती माझ्या डोळ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मी तिच्याकडेच बघत होतो, आवाजाकडे नाही. हे तिला तसंच सांगितलं.

मग स्वयंपाकघराच्या टाइल्स दिसल्या. त्याबद्दल नंतर बोलू.

१६ सप्टेंबर, रविवार

काल घरी गणपती बसवला. आज नवा डोळा, निवांत दुपार, मुरलीधरकडून 'सासरा पुन्हा हरवला'ची डीव्हीडी. देताना मुरलीधर घुटमळला. म्हणाला, शशीराव, बघायलाच पाहिजे का? मी म्हटलं, आता तर पोट भरून बघणार.

लावली. सॉफ्ट फोकस नाही. लख्ख. मिराशीच्या मिशीचा डिंकसुद्धा दिसतोय. सिनेमा बँकॉकमध्ये घडतो. मिराशी बोलतो. अखंड बोलतो. स्विमिंग पूलपाशी बसून सासऱ्याला मोबाइलवर जोक सांगतो, ते मी ईमेलवर वाचलेले आहेत. चेहरा हलत नाही, थकलाय माणूस. बघून गलबललं.

छत्री आली. उघडली. कोंबडी नाही.

मागे नेलं. परत लावलं. कोंबडी नाही. पुढे पळवलं. तेरावं नाही, कावळा नाही, मठ्ठा नाही. फोटोच नाही, तर शिंकणार कोण? शेवटपर्यंत बघितला. एकदाही हसू आलं नाही.

मग ही रोजनिशी उघडली, पहिल्यांदाच धड वाचता आली. ओळी एकमेकींवर चढलेल्या. पण एक वाक्य परत परत स्पष्ट आहे. 'अलकाला विनोद कळत नाही.' जूनमध्ये तर दोनदा अधोरेखित केलंय.

ती स्वयंपाकघरात होती. जाऊन म्हटलं, कोंबडी कुठंय? तिने पोळी उलटली. म्हणाली, लाजली असेल.

कायद्याने बघितलं तर सिनेमा भिकार, म्हणजे नवस लागूच नव्हता. डोळा फुकट केला गेला. हे तिला ऐकवणार होतो. त्याआधी तिनेच सांगितलं की उजव्याची तारीख आली आहे, फ्रिजवर लावलीय, आणि आता कुठल्याही सिनेमासाठी थांबायचं नाही. मी म्हटलं, परत भीती वाटणारच मला. म्हणाली, वाटू दे.

गॅस बंद करायला लावून तिला बाहेर आणलं, सोफ्यावर बसवलं, आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. मग नवा डोळा हाताने झाकला आणि म्हटलं, सांग.

कुठून सांगू, तिने विचारलं. म्हटलं, कोंबडीपासून.